कोरा समास

प्रयोगशाळा म्हटलं की पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. इथे तसलं काही नव्हतं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या ‘उमाळकर असोसिएट्स’ या वकिलांच्या फर्मची ती जुनी रेकॉर्ड रूम होती. भिंतींना लोखंडी कपाटं, कपाटांत लाल फितीने बांधलेले गठ्ठे आणि मधोमध टेबलावर पानं उलटणारा एक यांत्रिक हात. तो हात चार महिने दिवसाला सहा हजार पानं उलटत होता, आणि अ‍ॅडव्होकेट विद्याधर ठोसर त्याच्याकडे सवतीकडे पाहावं तसा पाहत होता.

विद्याधर बावन्न वर्षांचा होता आणि त्यातली सव्वीस वर्षं त्याने याच इमारतीत काढली होती. शरयू उमाळकरांचा तो पहिला ज्युनिअर. कोर्टात लोक त्याला मॅडमचा उजवा हात म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. आता मॅडमना दुसराच एक हात मिळाला होता. तो थकत नव्हता, जेवायला उठत नव्हता, आणि मॅडम दिवसातून दोनदा येऊन त्याची विचारपूस करत होत्या. गेल्या वर्षी विद्याधर डेंग्यूने आठ दिवस झोपला होता तेव्हा त्यांनी एकदाच फोन केला होता. हे तो विसरला नव्हता.

कारण मात्र साधं होतं. सत्तरीच्या मॅडमच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. समोरच्या माणसाचे खांदे दिसत, चेहरा दिसत नसे. वर्षभराने छापील अक्षर दिसणं पूर्ण बंद होईल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. फर्ममधून बाहेर पडणारा प्रत्येक कागद मॅडमच्या नजरेखालून जाई, आणि आता ती नजरच जाणार होती. तेव्हा त्यांनी रेणुका ठवरेला बोलावलं. रेणुकाची कंपनी म्हणजे ती आणि तिचे दोन सहकारी. वकिलांसाठीची तयार सॉफ्टवेअरं बाजारात ढिगाने होती, पण मॅडमना फक्त स्वतःच्या फर्मपुरतं, स्वतःच्या मापाचं बेतलेलं सॉफ्टवेअर हवं होतं.

पहिल्याच बैठकीत रेणुकाने कल्पना मांडली होती.

“मॅडम, बाकीची सॉफ्टवेअरं तयार याचिका वाचून शिकतात,” ती म्हणाली होती. “म्हणजे पानात वाढलेलं जेवून स्वयंपाक शिकण्यासारखं झालं ना ते. मीठ कधी टाकलं, काय उपसून काढलं, ते कुठे कळते? मला तयार याचिका नकोच आहेत. तुमच्याकडे कच्चे मसुदे आहेत का?”

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या फर्ममध्ये विचारला असता तर लोक हसले असते. न्यायालयातून कागद हद्दपार होऊन दहा वर्षं झाली होती. याचिका, पुरावे, निकाल, सगळं न्यायपटलावर, म्हणजे न्यायालयाच्या ऑनलाइन यंत्रणेवर चाले. पण उमाळकरांकडे एक जुनी रीत होती. प्रत्येक मसुदा आधी कागदावर छापायचा. डावीकडे चार बोटं समास सोडायचा. उजव्या कोपऱ्यात, ज्याने लिहिला त्याने आपली आद्याक्षरं टाकायची. मग मॅडम पेन्सिल घेऊन बसत. काय खोडलं, काय वाढवलं, का वाढवलं, सगळं समासात. आणि हा कच्चा कागद कधीही फेकायचा नाही. सव्वीस वर्षांचे असे कागद कपाटांत पडून होते आणि झुरळांशिवाय त्यांची कोणी दखल घेत नव्हतं.

“हे सोनं आहे,” रेणुका म्हणाली होती. “कच्च्यात आणि पक्क्यात जो फरक पडतो, त्याला आम्ही दुरुस्ती-अंतर म्हणतो. आमची ‘अनुदृष्टी’ फक्त ते अंतर शिकेल. कायदा तिला बाजारातूनही मिळते. तुमचा हात कुठे थांबतो, ते इथेच मिळेल.”

सॉफ्टवेअरचं नाव तिने ‘अनुदृष्टी’ ठेवलं होतं, आठवडाभरात सगळे ‘दृष्टी’ म्हणू लागले.

“आणि जिथे दुरुस्तीच नाही?” विद्याधरने विचारलं होतं. “समास कोरा असेल तर?”

“मग अंतर शून्य. त्यातून ती एवढंच शिकते सर, की इथे हात लावायचा नाही.”

विद्याधरला हे उत्तर फार आवडलं होतं. कारण गेली अकरा वर्षं त्याच्या मसुद्यांचे समास कोरे होते. सुरुवातीची पंधरा वर्षं मॅडमनी त्याला पिळून काढलं होतं. एकेक परिच्छेद नऊ-नऊ वेळा लिहायला लावला होता. मग खुणा कमी होत गेल्या, आणि एके दिवशी मसुदा जसाच्या तसा परत आला. खाली फक्त सही. त्या दिवशी त्याने बायकोला घेऊन रामटेक गाठलं होतं. तेव्हापासून आजवर एक खूण नाही. हे कोरे समास म्हणजे त्याचं प्रमाणपत्र होतं, आणि ते जगात फक्त त्यालाच माहीत होतं, हीच पंचाईत होती.

म्हणून रेणुका जेव्हा म्हणाली, “कोपऱ्यातली आद्याक्षरं मी काढून टाकते, कोणी लिहिलं त्याच्याशी दृष्टीला काय करायचं?” तेव्हा विद्याधर तटकन म्हणाला, “अजिबात नाही.”

मॅडमकडे वळून त्याने कारणही दिलं. “प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतात, मॅडम. शाल्मली मागण्या लांबवत नेते, दुसरा कोणी जोडपत्रांचे क्रमांक चुकवतो. कोण लिहितंय हे कळलं तर दृष्टी नेमकं तिथे पाहील. तुम्हीही तसंच पाहता ना?”

“हे खरं आहे,” मॅडम म्हणाल्या. “नाव पाहूनच माझी पेन्सिल कुठे जायचं ते ठरवते.”

रेणुकाने थोडा विचार केला. मुद्दा तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता. आद्याक्षरं राहिली. विद्याधरचं खरं कारण तिला कळणं शक्य नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही ते कबूल करावंसं वाटलं नसतं. अकरा वर्षांचा तो निष्कलंकपणा ‘वि. ठो.’ याच नावावर जमा व्हायला हवा होता, बस्स.

स्कॅनिंग संपलं, दृष्टी शिकली, आणि रेणुकाने भारांकांचा तक्ता आणला. दृष्टीच्या शिकण्यात कोणाच्या मसुद्यांचा किती वाटा, याचा तो हिशेब. अ‍ॅडव्होकेट शाल्मली वैरागडे, अडतीस टक्के. विद्याधर ठोसर, चार. तेही पहिल्या पंधरा वर्षांचे, कारण कागद जितका जुना तितकं त्याचं वजन कमी धरलं होतं. पुढच्या अकरा वर्षांसमोर शून्य.

शाल्मली तेहतीस वर्षांची, फर्ममध्ये येऊन सात वर्षं झालेली. हुशार होती, बेधडक होती आणि कागदावर मोकाट सुटायची. तिचे मसुदे मॅडमकडून परत यायचे तेव्हा समासात मुंगी शिरायला जागा नसायची. “बाप्पा! म्हणजे दृष्टी निम्मी माझ्यावरच पोसली गेली की,” ती हसत म्हणाली. तिला गंमत वाटली. विद्याधरच्या अंगाचा तिळपापड झाला.

“सर, ज्याच्या चुका जास्त, त्याचा वाटा जास्त,” रेणुकाने समजूत घातली. “तुमचा शून्य म्हणजे तर पैकीच्या पैकी आहे.”

डोक्याला हे पटत होतं. पोटाला पटत नव्हतं. कारण तक्ता नुसता आकड्यांचा नव्हता. तो मॅडमच्या तासांचा होता. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा शाल्मली मॅडमच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसे. आताशा मॅडमना भिंगाखाली एकेक ओळ धरावी लागे, तरीही त्या शाल्मलीचा शब्द न् शब्द वाचत. आतून आवाज येई, “हे काय लिहून ठेवलंस? हा पुरावा आहे की निबंध?” आणि मग दोघींचं हसणं. विद्याधर कॉरिडॉरमधून उगाच दोन-दोन फेऱ्या मारी. त्याचा मसुदा आत जाई आणि पाच मिनिटांत सही होऊन बाहेर येई. चूक न करण्याचं बक्षीस म्हणजे दाराबाहेर उभं राहणं असतं, हे त्याला पन्नाशीनंतर कळत होतं आणि ते गिळवत नव्हतं.

तरीही त्याने स्वतःला समजावलं होतं. मॅडम डिसेंबरअखेर काम थांबवणार. बाहेर जाणाऱ्या कागदांवर शेवटची नजर कोणाची तरी हवीच. ती माझ्याशिवाय कोणाची असेल?

ऑक्टोबरच्या एका सोमवारी मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “माझ्यानंतर शेवटची नजर दृष्टीची. तिने ‘हात लावण्याची गरज नाही’ असा शेरा दिल्याशिवाय एकही कागद न्यायपटलावर जाणार नाही. विद्याधरचाही नाही, शाल्मलीचाही नाही. शेरा आला की समजायचं, मी वाचलं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विद्याधरनेही वाजवल्या. घरी जाऊन मात्र त्याने जेवणाचं ताट दूर सारलं. सव्वीस वर्षं ज्या खुर्चीची वाट पाहिली, तिच्यावर एक सॉफ्टवेअर बसलं होतं, आणि त्याला घडवलं होतं शाल्मलीच्या चुकांनी! त्याला यंत्राचा मत्सर वाटत होता आणि बाईचाही वाटत होता, आणि दोन्हींतला कुठला जास्त जाळतो हे त्याला ठरवता येईना.

मग त्याला एक युक्ती सुचली. वकिलाला सुचावी अशीच होती ती. साक्षीदार खोटा आहे असं नुसतं ओरडून चालत नाही, त्याला खोटं बोलताना पकडावं लागतं.

त्याच्याकडे तेव्हा भंडाऱ्याच्या पितळकाम करणाऱ्या कारागिरांच्या सहकारी संस्थेचं अपील होतं. भट्ट्यांसाठी दिलेला भूखंड सरकारने रद्द केला होता, चाळीस घरांचं काम बंद पडलं होतं, आणि साठ दिवसांच्या आत अपील दाखल करायचं होतं. मुदतीला अजून नऊ दिवस होते. विद्याधरने मसुदा लिहिला, खरी प्रत बाजूला ठेवली आणि दुसऱ्या प्रतीत एकच बदल केला. ऑगस्टमधल्या आदेशाची तारीख जूनमधली करून टाकली. म्हणजे अपील मुदतीच्या दोन महिने बाहेर! जोडपत्रात खरा आदेश लावलेलाच होता, त्यावर ऑगस्टची तारीख ढळढळीत दिसत होती. कॉलेजातल्या पोरालाही सापडावी अशी चूक. कोपऱ्यात त्याने ‘वि. ठो.’ लिहिलं आणि मसुदा दृष्टीकडे पाठवला.

चार सेकंदांत शेरा आला. हात लावण्याची गरज नाही.

विद्याधर आपल्या केबिनमध्ये एकटाच हसला. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्याने मॅडमच्या केबिनमध्ये सगळ्यांना जमवलं. मॅडम नेहमीच्या खुर्चीत, शाल्मली खिडकीशी, रेणुका आपला संगणक मांडीवर घेऊन. त्याने मसुदा भिंतीवरच्या पडद्यावर लावला.

“शाल्मली, दुसरा परिच्छेद वाच. मोठ्याने, मॅडमना ऐकू जाऊ दे.”

शाल्मलीने वाचला. “...भूखंड रद्द केल्याचा आदेश दिनांक बावीस जून रोजी...”

“आता जोडपत्र एक.”

“बावीस ऑगस्ट,” ती म्हणाली आणि सरळ उभी राहिली. “सर, हे काहून असं? जून धरलं तर आपण मुदतीबाहेर आहोत. पहिल्याच तारखेला फेकतील हे.”

“आणि दृष्टीचा शेरा?”

तिने पाहिलं.

“हात लावण्याची गरज नाही,” विद्याधरनेच वाचलं. “मॅडम, मला आनंद होत नाहीये सांगताना.” त्याला होत होता. “पण चाळीस घरं आहेत यात. ही तुमची नजर नाही. तुम्ही झोपेतसुद्धा ही तारीख पकडली असती.”

मॅडमनी मान वळवली, जिकडून रेणुकाचा आवाज येतो तिकडे. “तिला तारखा ताडून पाहता येत नाहीत?”

“येतात की!” रेणुका गोंधळली होती. “मागच्याच आठवड्यात शाल्मली मॅडमच्या मसुद्यात अशीच तारीख पकडली तिने. थांबा, एक मिनिट.” ती थोडा वेळ काहीतरी चाळत राहिली. मग हळूच म्हणाली, “एक करून पाहू का? हाच मसुदा, फक्त कोपऱ्यातली अक्षरं बदलते. ‘शा. वै.’ टाकून पाहते.”

विद्याधरला नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

चार सेकंदं गेली. पडद्यावरचा कोरा समास भरू लागला. दुसऱ्या परिच्छेदाशी तारखेची खूण आली. मग चौथ्याशी एक. सहाव्याशी दोन. खाली, आणखी खाली.

“आठ,” शाल्मलीने मोजल्या.

“आठ कशा?” विद्याधर म्हणाला. “मी तर एकच...”

तो थांबला, पण उशीर झाला होता.

“एकच काय, विद्याधर?” मॅडमनी विचारलं.

त्याने सांगून टाकलं. सव्वीस वर्षांत त्याने मॅडमशी खोटं बोललेलं नव्हतं, आणि आता ते जमलंही नसतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, “शाल्मली, बाकीच्या सात वाच.”

शाल्मलीने वाचल्या. तिचा आवाज पडत गेला; तिला यात मजा येत नव्हती. भूखंडाचा क्रमांक चौथ्या परिच्छेदात एक आणि अकराव्यात वेगळा. एक कलम असं, जे तीन वर्षांपूर्वीच रद्द झालंय. जोडपत्रांतला एक नकाशा लावायचाच राहिलेला. दोन किरकोळ. निकाल लागेपर्यंत स्थगिती मिळावी ही मागणीच नाही. आणि शेवटची, समासात दोनदा अधोरेखित झालेली: भूखंड ज्या नगरपरिषदेच्या ताब्यात आहे, तिलाच प्रतिवादी केलेलं नाही.

या सातही त्याच्या खऱ्या प्रतीत होत्या. जी प्रत तो उद्या दाखल करणार होता, तीत.

“म्हणजे दृष्टीला दिसतं,” रेणुका सावकाश बोलली. ती आता विद्याधरशी नव्हे, स्वतःशीच हिशेब करून राहिली होती. “तिला सगळं दिसतं. पण ‘वि. ठो.’ दिसलं की ती बघतच नाही. अकरा वर्षांत या अक्षरांच्या खाली एकदाही पेन्सिल उठली नाही. ती तेच शिकली. मी समजत होते, चुका नाहीत म्हणून दुरुस्त्या नाहीत. मला दुसरी शक्यता सुचलीच नाही, सर. मी तपासायला पाहिजे होतं.”

दुसरी शक्यता कोणती, हे तिने सांगितलं नाही. ती मॅडमकडे पाहायचं टाळत होती.

“सगळ्यांची अक्षरं काढून टाक,” मॅडम म्हणाल्या, “आणि त्याचे अकरा वर्षांचे मसुदे तिच्यासमोर ठेव. सगळे. पुढे त्या प्रकरणांचं काय झालं तेही ताडून बघ. शाल्मली, भंडाऱ्याचं अपील तू नीट कर, आणि आजच दाखल कर.”

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. मसुदे एकोणीसशेच्या वर होते. पेन्सिल उठावी अशा जागा तीनशेहून जास्त मसुद्यांत निघाल्या. बहुतेक निरुपद्रवी, समोरच्या वकिलाच्या लक्षात आल्या नाहीत किंवा न्यायाधीशांनी सोडून दिल्या. पण एकोणीस प्रकरणांत अशील हरला होता, आणि निकालपत्रात नेमकं त्याच त्रुटीवर बोट ठेवलेलं होतं. विद्याधरला त्यातली बरीच आठवत होती. प्रत्येक वेळी त्याने मॅडमना सांगितलं होतं की न्यायमूर्ती फार तांत्रिक आहेत, आणि मॅडमनी ते मानलं होतं.

संध्याकाळी तो त्यांच्या केबिनमध्ये गेला. दार लावून घेतलं.

“तुम्ही वाचत नव्हता,” तो म्हणाला. प्रश्न नव्हताच तो.

“सुरुवातीला वाचत होते. दोन वर्षं तुझ्यात काही सापडेना. अगदी शोधूनसुद्धा सापडेना, विद्याधर. तेव्हा तू खरंच तसा होतास.” मॅडम त्याच्या दिशेने पाहत होत्या, त्याच्याकडे नव्हे, चेहरा त्यांना दिसतच नव्हता. “त्याच सुमारास डोळ्यांचं सुरू झालं. तीस पानांनंतर अक्षरं नाचायची. कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, जेवढं वाचणं उरलंय ते ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ठेवू. दिवसभरात एक तरी कागद असा असावा ना, की जो वाचायला लागू नये. तो तुझा असायचा. तुझा कागद आला की मी डोळे मिटून पाच मिनिटं बसायची आणि सही करायची.”

विद्याधरला काय वाटावं तेच कळेना. कोणी कोणावर यापेक्षा जास्त विश्वास टाकला नसेल. आणि कोणी कोणाला इतकी वर्षं इतकं वाऱ्यावरही सोडलं नसेल. ज्या समासांवर तो अकरा वर्षं जगला, त्यांत शाबासकी नव्हती. त्यांत कोणीच नव्हतं.

“मला वाटायचं, एवढ्या वर्षांनी मी तुमच्या बरोबरीचा झालो,” तो म्हणाला. “मला त्या यंत्राचा हेवा वाटायचा. शाल्मलीचा तर रोज वाटायचा.”

“ठाऊक आहे. फेऱ्या मारायचास कॉरिडॉरमधून. बूट वाजतात तुझे.” त्या किंचित हसल्या, मग हसू गेलं. “चूक माझी मोठी आहे. कोणी वाचत नसेल तर कोणाचाही हात सैल पडतो. माझाही पडला असता.”

सोमवारी त्यांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. शेवटची नजर आता कोणाची, हे जाणून घ्यायला जो तो आतुर होता. विद्याधरने आशा सोडली होती. एकोणीस घरं बुडवलेल्या माणसाने काय मागायचं?

“दृष्टी राहील,” मॅडम म्हणाल्या. “अक्षरांशिवाय. पण रेणुका, एक मला नीट समजावून सांग. ती कोणाच्या चुका सगळ्यात चांगल्या ओळखते?”

“शाल्मली मॅडमच्या,” रेणुकाने लगेच सांगितलं. “अक्षरं काढली तरी. त्या वळणाच्या चुका तिने हजारांनी पाहिल्या आहेत. तिथे तुम्ही आणि दृष्टी यांत आता मला फरक सापडत नाही.”

“आणि कोणाच्या सगळ्यात कमी?”

रेणुका जरा अडखळली. “ठोसर सरांच्या. ढोबळ चुका ती पकडते, कोणाच्याही पकडेल. पण गेल्या अकरा वर्षांत सरांच्या लिहिण्यात ज्या खास सवयी शिरल्या, त्यांवर कोणाची पेन्सिलच फिरली नाही. तिला शिकवायला काहीच नाही माझ्याकडे. तिथे ती कोरी आहे.”

“म्हणजे जिथे मी सगळ्यात जास्त शिकवलं, तिथे माझी गरज संपली,” मॅडम म्हणाल्या. “आणि जिथे शिकवलं नाही, तिथेच उरली. ठीक आहे. शाल्मली, आजपासून तुझे मसुदे थेट दृष्टीकडे जातील. माझ्याकडे आणू नकोस. विद्याधर, तुझा प्रत्येक कागद माझ्यासमोर येईल. मला दिसत नाही, तेव्हा तू मोठ्याने वाचायचं आणि मी थांबवायचं. रेणुका ते सगळं दृष्टीला शिकवेल. माझे जेवढे महिने राहिलेत तेवढे महिने. रोज पाच ते साडेसहा.”

शाल्मली पटकन म्हणाली, “पण मॅडम, माझं अजून...”

“तुझं झालं, बेटा. तू आता हिच्यात आहेस.” आणि त्यांनी संगणकाच्या दिशेने हात केला. हे कौतुकच होतं. शाल्मलीला मात्र ते कौतुक वाटल्यासारखं दिसलं नाही.

त्या दिवशी पाच वाजता विद्याधर टेबलाशेजारच्या खुर्चीत बसला. एकोणीस अशिलांना पत्रं लिहायची होती. आमच्या चुकीमुळे तुम्ही हरलात, ज्यांना फेरविचार मागता येईल त्यांच्यासाठी आम्ही तो विनामोबदला मागू, बाकीच्यांची नुसती माफी. पहिलं पत्र गोंदियाच्या एका शाळेतल्या शिपायाला होतं.

“वाच,” मॅडम म्हणाल्या.

“सप्रेम नमस्कार. आपल्या प्रकरणात काही तांत्रिक स्वरूपाच्या त्रुटी राहून गेल्याचे आमच्या...”

“थांब. त्रुटी राहून गेल्या? आपोआप राहिल्या त्या? कोणी ठेवल्या?”

“मी,” विद्याधर म्हणाला.

“मग तसं लिही. पहिल्यापासून.”

त्याने ओळ खोडली. बावन्नाव्या वर्षी कान तापले होते, शाळेतल्यासारखे. तेवढ्यात दार ढकललं गेलं. शाल्मली उभी होती, हातात छापलेला मसुदा, चार बोटं समास सोडलेला. सवयीने आली होती. तिने खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीत बसलेल्या विद्याधरकडे पाहिलं.

“मॅडम, एकच परिच्छेद दाखवायचा होता,” ती म्हणाली.

“दृष्टीला दाखव. दार ओढून घे जाताना.”

मॅडमना तिचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. विद्याधरला दिसला, आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचायला त्याला कोणाचीही मदत लागली नाही. एकोणीस माणसांची पत्रं मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही त्याला. पण आधी त्याने खुर्ची आणखी थोडी टेबलाजवळ ओढली.